स्थिरचित्राचा स्वाध्याय
कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी (१८९०–१९५४) कलाशाळेची पायरी न चढता यथार्थदर्शी चित्रकला हस्तगत केली, हा दाखला शिरोधार्य मानून, १८५७ साली स्थापन झालेली जे. जे. कलाशाळा अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीपासून सुरक्षित अंतरावर, मुंबईतच, राहू देण्याची योजना स्तुत्य होय. स्वाध्यायास लागते ती उत्तरेकडील खिडकी, कोळशाची कांडी आणि महिनोन्महिने तसूभरही न हलणारी वस्तू. पहिली दोन घरीच मिळतात. तिसरीसाठी कचेरीत रीतसर अर्ज गुदरावा आणि समोर बसून तो रेखाटावा. फळे नासतात, अर्ज मात्र जागचा ढळत नाही. उलट त्यावर चढणारी धूळ छायेचे सूक्ष्म भेद शिकविते. पथ्य एकच: कागद उडेल या भीतीने त्यावर वजन ठेवू नये; ठेवताक्षणी तो चालू लागतो आणि चित्र अपुरे राहते.