होडी नवी की जुनी?

मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. त्यामुळे तिथल्या मराठी माणसाला घर, गाडी आणि ग्रीन कार्ड झालं की पाँटून बोटीचे डोहाळे लागतात. पाँटून म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्यांवर तरंगणारी गॅलरी. पोहे खायला उत्तम.

नवी घेतली तर वॉरंटी मिळते. शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच किंमत घसरते ती वेगळी. जुनीचा मालक शपथेवर सांगतो, ‘फक्त रविवारीच काढायचो हो.’ इंजिनाच्या तासांचं मीटर त्याला साक्ष देईलच असं नाही. जुन्या फायबरच्या बोटीत तर, जिच्यावर इंजिन टांगतात त्या मागच्या फळीच्या पोटातलं प्लायवूड पाण्याने कुजलेलं असू शकतं. ते ठोकून बघायचं सोडून आपली मंडळी बघतात काय, तर गाद्यांचा रंग आणि थर्मास ठेवायला जागा! भारतातून आलेल्या सासूबाईंचा प्रश्न त्याहून मूलभूत: नारळ कुठे फोडायचा?

डिसेंबर ते मार्च तळी गोठलेली. तेव्हा बोट प्लास्टिकमध्ये गुंडाळून भाड्याच्या जागेत झोपते आणि हप्ते जागे राहतात. जुनी रोख घेतली असेल तर निदान हप्ते नाहीत, म्हणून माझं मत जुनीला. पण आधी मेकॅनिकला दाखवा.

कुठलीही घ्या, तळ्यातून बाहेर काढल्यावर तळाचं बूच काढा. झेब्रा शिंपले इतर तळ्यांत पसरू नयेत म्हणून तिथे तसा कायदाच आहे. आणि पुढच्या वेळी पाण्यात उतरवण्याआधी, कृपा करून, ते परत लावा.