एवढंच विचारायचं होतं, डॉक्टर

मुलांची दूरवैद्यकीय तपासणी नागपुरात दोन प्रकारची आढळते. पहिल्या प्रकारात रात्री अकराला अंगावरच्या पुरळाचा अंधुक फोटो बालरोगतज्ज्ञांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, खाली ‘एवढंच विचारायचं होतं, डॉक्टर’. दुसऱ्यात वेळ ठरवून, फी भरून व्हिडिओवर बोलणं होतं. पहिल्यावर पालकांची गाढ श्रद्धा. दुसऱ्याबद्दलचं मत: ‘हात न लावता पोट्टं तपासते म्हणे, अन् वरून पैसे!’

२५ मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांना हा भेद मान्य नाही. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपही अधिकृत माध्यमांत धरलं आणि डॉक्टरांना योग्य ती फी घ्यायची मुभा दिली. फीचं हे कलम पालकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड झाल्याचं ऐकिवात नाही. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलासोबत मोठं माणूस हवं, ही अट मात्र सढळ हाताने पाळली जाते. पडद्यावर आई, आजी, मावशी आणि मागून सूचना देणारे बाबा असतात. रुग्णाचा एक कान दिसतो.

खरी कसोटी श्वास मोजताना लागते. सदरा वर करून छातीची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजायची असते, तीही मूल शांत असताना. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घेतात. विसाव्या सेकंदाला आजी म्हणतात, ‘रडून राहिला नं तो, म्हणून.’ मोजणी पुन्हा पहिल्यापासून. छाती आत ओढली जात असेल, तर मोबाइल बंद करून दवाखाना गाठायचा. वजनाचीही तीच गत. पॅरासिटामॉलचा डोस किलोला साधारण १५ मिलिग्रॅम धरतात. ‘चांगला गुटगुटीत आहे’ यावरून तो काढता येत नाही.

एप्रिल २०२० पासूनची सरकारी ऑनलाइन सल्लासेवा, ई-संजीवनी ओपीडी, फुकट आहे. ओळखीच्या डॉक्टरांकडून फुकट मिळतं तो आपुलकीचा सल्ला. सरकारकडून मिळाला, तर ‘फुकटात कोण चांगला डॉक्टर बसते?’ घरबसल्या, बिनपैशाचा, पण दवाखान्यांनी गजबजलेल्या धंतोलीतल्या नामांकिताचाच सल्ला, अशी एकंदर मागणी आहे. धंतोलीत गाडी लावायला जागा शोधलेल्या आणि मे महिन्यात तापलेलं लेकरू स्कूटरवर नेलेल्या पालकांचं मत त्यामानाने लवकर बदलतं.

शहरापासून दूर, मेळघाट किंवा गडचिरोलीच्या पालकांचा अख्खा दिवस मोडतो तो तज्ज्ञापर्यंत पोचण्यात. तिथे आयुष्मान आरोग्य मंदिरातले (आधीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातले) समुदाय आरोग्य अधिकारी मुलाला समोर घेऊन बसतात, तपासतात आणि पडद्यावरच्या डॉक्टरांना सांगतात. हातही लागतो, फीही नाही. अडते ती रेंज.