ओट्यावरून समुद्र

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून सगळ्यात जवळचा समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरवर आहे. कावळ्यालाही वाटेत मुक्काम पडेल.

तरी दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या ओट्यावर दीड तास खल झाला. विषय: पुढच्या शनिवारी पुरीला लाट कशी असेल?

खलाला पाच माणसं. पोहता येणारा एक, तो म्हणजे भाचा. बंगळूरला नोकरीला असतो. मुळकीला जाऊन दोन दिवस सर्फिंग शिकून आला. फळीवर उभा राहिला साडेचार सेकंद. त्याचं वर्णन अजून चालू आहे.

"मामा, स्वेल मस्त दाखवून राहिलाय!" म्हणत त्याने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. बंगालचा उपसागर जांभळा, हिरवा, पिवळा. मला वाटलं, दिवाळीची रांगोळी.

आता कोणी विचारेल, रायपूरकरांचा आणि समुद्राचा संबंध काय? असं कसं? आमच्याकडे मरीन ड्राइव्ह आहे! तेलीबांधा तलावाच्या काठाला अख्खं शहर त्याच नावाने ओळखतं. तिथे ८२ मीटर उंचीच्या खांबावर झेंडा आहे, म्हणजे वाऱ्याची दिशा कळायची सोय झाली. लाटेची तेवढी राहिली.

शिवाय आमचं पाणी आमच्या आधी पोचलेलं असतं. खारून शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला. महानदी हिराकूडच्या धरणात थबकते, कटकपाशी तिला फाटे फुटतात आणि त्यांतली कुशभद्रा कोणार्कजवळ रामचंडीला समुद्रात शिरते. त्याच रामचंडीच्या वाळूवर सर्फिंगचा महोत्सव भरलेला आहे. महानदीच्या पाण्यावरून छत्तीसगड आणि ओडिशा लवादापुढे भांडतायत. लाटेवर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही.

इतिहासही आपल्याच बाजूने. १७५१ ते १८०३, बावन्न वर्षं पुरीचा किनारा नागपूरकर भोसल्यांकडे होता. कोणार्कचा अरुणस्तंभ उचलून जगन्नाथाच्या दारात आणून रोवला, तो त्याच काळात. एवढा दगडी खांब उभा केला, पण एखादी फळी पाण्यात टाकून तिच्यावर उभं राहावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मग इंग्रज आले. ते लाटांवरूनच आले होते म्हणा.

असो. भाच्याच्या मोबाइलवरची ती रांगोळी कुठली? विंडी नावाच्या हवामानाच्या ॲपची. त्याचं दुसरं लाडकं विंडगुरू. दोन्हींचं माहेर चेक प्रजासत्ताक. नकाशा काढून बघा, त्या देशाला समुद्रच नाही!

आपल्या देशाच्या समुद्राचा अंदाज कुठून निघतो? मुंबई? चेन्नई? कोची? नाव इन्कॉइस, स्थापना १९९९, मुक्काम हैदराबाद. तिथे बिर्याणी आहे, हुसेनसागर आहे. खारं पाणी डोळ्यांतलं तेवढं.

आणि लाटेच्या भाकिताचं शास्त्र ज्या दोघांनी उभं केलं, त्यांतला वॉल्टर मंक जन्मला १९१७ साली व्हिएन्नात. पुन्हा कोरडंठाक गाव. गुरू स्वेरड्रुप यांच्याबरोबर त्याने पद्धत बसवली आणि १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीला सैन्य उतरवताना त्याच पद्धतीने लाटांचे अंदाज बांधले गेले.

प्राग चालतं, व्हिएन्ना चालतं, हैदराबाद चालतं. मग तात्यापाऱ्यानेच काय घोडं मारलंय?

हाच मंक १९६३ साली पॅसिफिकभर बेटाबेटांवर यंत्रं मांडून बसला. अंटार्क्टिकाच्या बाजूला वादळात उठलेली लाट अलास्कापर्यंत जाते, हे त्याने मोजून दाखवलं. पुरीची मोठी लाटही बहुतेकदा अशीच लांबची पाहुणी. थेट दक्षिणेकडच्या महासागरात वारा सुटतो, लाटांचा जथा निघतो. पंधरा सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास चालतो आणि आठवडाभराने ओडिशाला लागतो.

म्हणजे आमची शनिवारची लाट त्या रविवारीच निघाली होती. आम्ही अजून वेटिंग लिस्टवर.

"पीरियड चौदा सेकंदांचा आहे," भाचा म्हणाला. आईने मान वर केली. ती शाळेत बत्तीस वर्षं शिकवत होती. "आमच्या वेळी चाळीस मिनिटांचा असे."

दोन लाटांच्या माथ्यांमध्ये जातो तो वेळ म्हणजे पीरियड. खरी ताकद यात असते. मीटरभर लाट सहा सेकंदांनी आली तर पायाला गुदगुल्या. तीच चौदा सेकंदांनी आली तर गेलेला चष्मा परत मिळत नाही. तरी लोक काय विचारतात? उंची! लग्नाच्या स्थळाला विचारावी तशी.

पीरियडवरून आठवलं. तात्यापारा ते शारदा चौक रस्ता रुंद होणार, हा अंदाज आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. त्याचा पीरियड पाच वर्षांचा आहे.

बरं, ती उंची तरी सरळ सांगतात का? अंदाजात छापतात ती म्हणे 'लक्षणीय उंची'. सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटा निवडायच्या आणि त्यांचीच सरासरी काढायची. ही युक्ती कोचिंग क्लासच्या जाहिरातींत पाहिलेली आहे. समुद्रात निदान एखादी लाट छापलेल्या आकड्याच्या दुपटीच्या घरात जाते.

हवाई बेटांवरच्या जुन्या सर्फरांची तऱ्हा याहून न्यारी. ते लाट पाठीमागून मोजतात. समोरून दहा फूट दिसते, ती त्यांच्या लेखी पाच. आपल्याकडे सभेची गर्दी मोजणाऱ्यांना सहा महिने तिकडे पाठवायला हवं.

एवढ्यात डोंबिवलीची आत्या फोनवर आली. डोंबिवलीला समुद्र आहे का, हे विचारायचं नसतं. "मोबाइल कसले बघता? तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा. भरतीची वेळ हजर!"

हिशेब खोटा नाही. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कोकणातल्या होड्यांचं पिढ्यान्‌पिढ्या यावर भागलं. मग आत्याने उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक समजावला. भांग म्हटल्यावर ओट्यावरचे दोघे सावरून बसले.

पण हे गणित कोकणपट्टीचं. पुरीला भरतीची वेळच निराळी आणि भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या जेमतेम निम्मा. पंचांग तेच, पाणी दुसरं. हे आत्याला सांगायचं कोणी? आमच्यात पोहता येणारा एक होता, एवढा धाडसी एकही नव्हता.

आत्याच्या मुंबईचा आणखी एक नमुना. दर पावसाळ्यात छापून येतं: आज समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार! अहो, तो आकडा भरतीचा. ठरलेल्या तळरेषेपासून पाणी किती चढेल, एवढंच तो सांगतो. लाटा त्या पाण्यावर, त्यांचा हिशेब वेगळा. खरोखर मजलाभर उंचीची लाट कठड्यावर आली असती तर कणीस खात ती बघायला जमलेली गर्दी कुठे असती?

दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच बातमी. पुन्हा तेच कणीस.

आणि हे सगळे आकडे नेमके कुठल्या जागेचे? कॉम्प्युटरने समुद्राचे चौकोन पाडलेले असतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रारूपात चौकोनाची एक बाजू पंचवीसेक किलोमीटर भरते. म्हणजे तात्यापाऱ्यापासून भिलाईच्या वेशीपर्यंत एकच हवामान. इथे आमच्या छपरावर पाऊस पडतो तेव्हा आमापाऱ्यात पापड वाळत असतात!

किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचे बांध असतात. लाट कुठे फुटायची, उलगडायची की कोसळायची, ते हे बांध ठरवतात. एका वादळात त्यांची जागा बदलते. ते कुठल्या मोबाइलमध्ये दिसतात? अंदाज समुद्राचा असतो आणि आंघोळ किनाऱ्यावर करायची असते.

कुटुंबवत्सल माणसांची इथे एक खोड आहे. फेसाळ लाटा टाळायच्या, दोन लाटांच्या मधली गुळगुळीत शांत पट्टी शोधायची आणि पोरांना नेमकं तिथे घालायचं. तीच ओढीची जागा! किनाऱ्याला आलेलं पाणी तिथून परत आत निघालेलं असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत बाहेर पडा.

"पोहता येत असेल तर," भाचा म्हणाला. ओटा शांत झाला.

वादळाची मात्र थट्टा करू नये. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ साली फनी तर थेट पुरीवरच आलं. त्याआधी दहा लाखांहून जास्त माणसं हलवली आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. अंदाज तिथे कामी येतो, कारण तो ऐकणाऱ्याला मोबाइलवरचे चांगल्या लाटेचे तीन तारे नको असतात, छप्पर हवं असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागराचा वादळी मोसम. २०२४ चं दाना ऑक्टोबरातलंच. मोबाइलवर रंग बघणाऱ्या चौघांना हे सुचलं नाही. आई म्हणाली, "दिवाळीत तिकडे वादळं येतात ना रे?" आईकडे बटणांचा फोन आहे.

त्यावरून विशाखापट्टणमचा ठराव आला. २०२४ च्या सप्टेंबरपासून दुर्गहून वंदे भारत सुरू झालीय, सकाळी बसलं की दुपारी समुद्र. पण तिथे जगन्नाथ नाही. ठराव बारगळला.

वादळ आलं नाही. आम्ही पोचलो.

शनिवारी पहाटे पाचला भाच्याने सगळ्यांना उठवलं. चिडचिड झाली, पण त्याचं बरोबर होतं. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, लाटेचं तोंड इस्त्री केल्यासारखं राहतं. दुपारी वारा उलटतो आणि त्याच लाटेची गोधडी होते. फळी त्याने आदल्या संध्याकाळीच कुठून तरी पैदा केली होती. मोबाइलवर तीन तारे.

उंची बरोबर निघाली. पीरियड बरोबर निघाला. वारासुद्धा सांगितला त्याच दिशेने. लाट तेवढी चुकीच्या जागी फुटत होती. पुरीचा तो किनारा चांगलाच उतरता. लाट सगळा प्रवास सांभाळून करते आणि शेवटी तुमच्या पायांशी येऊन एकदम कोसळते. हळूहळू उलगडली तर फळीवर उभं राहता येतं, आपटली तर फक्त उठून उभं राहता येतं.

भाचा फळी बगलेत धरून सेल्फी काढू लागला. साडेचार सेकंदांत झाली.

तेवढ्यात एक नुलिया आला. नुलिया म्हणजे पुरीच्या किनाऱ्यावरचे तेलुगू बोलणारे कोळी, डोक्यावर टोकदार टोपी. प्रवाशांना हाताला धरून समुद्रस्नान घालणं हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. वय साठीचं असावं. तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. डोळे बारीक. एक शब्द नाही.

आम्हीही आदराने गप्प. माझ्या मनात तोवर हा मजकूर तयार होऊ लागला होता. वाऱ्याचा वास, पिढीजात शहाणपण, यंत्र विरुद्ध माणूस वगैरे. शेवटचं वाक्यसुद्धा सुचलं होतं, बरं होतं.

मग त्याने टोपी काढली आणि टोपीतून मोबाइल काढला.

भाचा उडालाच. "पाहा मामा! हाही विंडीच पाहून राहिलाय!"

मी डोकावलो. रंग नव्हते. स्टेशनांची नावं होती आणि पुढे वेळा.

"उधर से गाड़ी दो घंटा लेट है," नुलिया म्हणाला. "भीड़ नौ बजे के बाद आएगा. अभी नहाना है तो आ जाओ."

आईने चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि त्याचा हात धरला.