शेरडं, टणटणी आणि वहिनींची अमेरिका

मागच्या मोकळ्या प्लॉटबद्दल आमच्या गल्लीत जेवढं बोलून झालंय, तेवढं कुणाच्या मोडलेल्या लग्नाबद्दलही झालं नसेल. मालक मुंबईला. उताऱ्यावर तीन भावांची नावं, तिघांत बोलणं नाही, आणि त्यांच्या अबोल्याच्या जिवावर टणटणी पुरुषभर माजलीय. मधोमध सुबाभळीचं बेट, कडेनं गाजरगवत. गेल्या पावसाळ्यात तिथून निघालेली घोणस कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या पोर्चमध्ये येऊन बसली, तेव्हा दोन दिवस सगळे पेटले होते. मग घोणस गेली आणि विषयही गेला.

तो परत काढला शेजारच्या वहिनींनी. वहिनी नुकत्याच लेकाकडून आल्या. लेक कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या वरच्या अंगाला सिमी व्हॅली म्हणून गाव आहे तिथे. बॅगा धड उघडल्याही नव्हत्या, पण भिंतीपाशी आल्या, प्लॉटकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, “ताई, इथे शेळ्या सोडायला हव्यात. तिकडे भाड्यानं मिळतात.”

“शेळ्या? भाड्यानं?”

“अहो, एकरावर दर असतो. येतात, खातात, जातात.”

आणि मग सुरू झालं. त्यांच्या लेकाच्या घराजवळच्या टेकडीवर माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं भलंमोठं ग्रंथालय आहे. सगळीकडे बोडके डोंगर, आणि त्यांच्यावर काय उगवावं? मोहरी! काळी मोहरी. मूळची तिकडची नव्हे, युरोपातून आलेली. स्पॅनिश पाद्री वाट सापडावी म्हणून जाता जाता ती फेकत गेले, अशी तिथली दंतकथा. वसंतात डोंगर पिवळेधमक करून टाकते, लोक फोटो काढतात. उन्हाळ्यात तीच वाळून कोळ होते आणि मग तिला एक ठिणगी पुरते.

“मग 2019 च्या मे महिन्यात त्यांनी 500 शेळ्या आणल्या,” वहिनी म्हणाल्या. “ग्रंथालयाभोवतालचं 13 एकर रान खाऊन चांगला मोकळा पट्टा करून दिला. ऑक्टोबरात वणवा लागला तो थेट टेकडीपर्यंत आला. पण पट्ट्यापाशी त्याला खायलाच काही नाही! ग्रंथालय वाचलं. आग विझवणाऱ्यांनी सांगितलं म्हणे, शेळ्यांनी आमचं काम हलकं केलं. आणि नावं काय, तर एक व्हिन्सेंट व्हॅन गोट, एक गोटझार्ट!”

त्या वणव्याचं नाव होतं ‘ईझी फायर’. ईझी स्ट्रीटजवळ लागला म्हणून. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांची काय गंमत झाली असेल, देव जाणे.

वहिनींची भाची न्यूयॉर्कला असते. तिच्याकडूनही बातमी आलेलीच. तिथे हडसन नदीकाठच्या रिव्हरसाइड पार्कात त्याच वर्षी 24 शेळ्या सोडल्या होत्या. उतार असा की माणूस यंत्र घेऊन उभा राहू शकत नाही, आणि त्यावर पॉयझन आयव्ही, म्हणजे हात लागला की अंगभर फोड. शेळीला त्याचं काहीच नाही. ती उभ्या उतारावर पाय रोवून शांतपणे चघळते. लोकांनी शेळ्या बघायला गर्दी केली, आणि शेवटी सगळ्यात लाडकी शेळी कोणती यावर मतदान घेतलं. मला आमच्या गल्लीतली मतदानं आठवली. टाकीच्या पाण्याच्या वेळेवरून झालं ते शेवटचं, त्यानंतर दोन घरं वर्षभर हळदीकुंकवाला आली नाहीत.

“पण वहिनी, शेळ्यांच्या मागे कोण असतं?” मी विचारलं. कारण शेळी एकटी आली की काय होतं हे मी माझ्या जास्वंदीवरून सांगू शकते.

“पेरूची माणसं. दक्षिण अमेरिकेतला पेरू. खास व्हिसावर आणतात. रानाच्या कडेला एका गाडीत राहायचं, विजेचं जाळीचं कुंपण हलवत न्यायचं, रात्री कोल्ह्या-कुत्र्यांवर लक्ष ठेवायचं. आणि ऐका तर! 2023 मध्ये तिथे मोठी ओरड झाली. हा माणूस चोवीस तास, सातही दिवस कामावर असतो, मग तासाच्या हिशेबानं पगार द्या, असं सरकारचं म्हणणं. मेंढरांमागच्या माणसाला वेगळा नियम, शेळ्यांमागच्याला नाही! हिशेब केला तर पगार महिन्याला 14,000 डॉलरवर जाणार. शेळीवाले म्हणाले, आम्ही धंदा बंद करतो. मग मुदत वाढवून दिली.”

“14,000 म्हणजे?”

“साडेअकरा लाख. त्यावेळच्या भावानं.” वहिनी डॉलरचे रुपये करायला कधीच पेन्सिल घेत नाहीत.

एवढ्यात पलीकडच्या भिंतीवरून अण्णांचा आवाज आला. अण्णा कृषी खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना शेतीचा विषय ऐकू आला की खुर्चीत बसवत नाही. “वहिनी, आपल्याकडे नेमकं उलटं आहे. राळेगणसिद्धी घ्या, हिवरे बाजार घ्या. गाव सुधारलं ते चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीनं. मोकाट चराई थांबली तेव्हा डोंगर हिरवे झाले. चाळीस वर्षं आम्ही शेळीला खलनायक म्हणून गावोगाव सांगत हिंडलो. आता तुम्ही तिला झाडूवाली करताय!”

“मग कास पठाराचं काय झालं?” मी म्हटलं. सातारकरापुढे पठाराचा विषय काढला की तो ऐकणारच. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं, माणसं लोटली, फुलं तुडवली जाऊ लागली म्हणून जाळीचं कुंपण घातलं. माणूस बाहेर ठेवायला घातलेल्या कुंपणानं गुरंही बाहेर राहिली. आजूबाजूच्या गावांतली माणसं सांगू लागली, की गवत उंच होतंय, बुटकी फुलं त्यात दडपतायत, पूर्वी म्हशी चरायच्या तेव्हा असं नव्हतं. पुढे कुंपण निघालं. माझं मत विचाराल तर चरणं वाईटही नाही आणि चांगलंही नाही. कोण, कधी, किती वेळ, आणि कुणाच्या राखणीत, एवढंच त्यात बघायचं असतं.

अण्णांना हे पटलं. पण त्यांना आपला मुद्दा सोडून दुसऱ्याच्या मुद्द्यावर थांबायची सवय नाही. त्यांनी तिकडचंच दुसरं उदाहरण काढलं. उत्तर डकोटा, माँटॅना या भागांत लीफी स्पर्ज नावाचं एक युरोपी तण पसरलंय. आपल्या शेराच्या जातकुळीतलं, तोडलं की पांढरा चीक येतो. त्या चिकानं गाईगुरांचं तोंड आणि पोट बिघडतं, म्हणून गुरं तिथलं गवतसुद्धा खायची सोडतात. मेंढ्या-शेळ्यांना मात्र ते चालतं. “पण त्याची मुळं पंधरा फूट खोल जातात,” अण्णा म्हणाले. “शेळीनं एकदा खाल्लं म्हणजे तण मेलं असं नाही. केस कापल्यानं कुणाला टक्कल पडतं का? फूल धरायच्या आत खायचं, फुटवा आला की पुन्हा खायचं, पुढच्या वर्षी पुन्हा. दरवेळी मुळातला साठा थोडा थोडा संपतो. जोडीला मुळं खाणारे भुंगे सोडतात. नुसत्या शेळीवर कुणी विसंबत नाही.”

मग भुंग्यांवरून गाडी आमच्या गाजरगवतावर आली. हे गवत 1955-56 च्या सुमाराला पुण्यात प्रथम नोंदलं गेलं, तेव्हा ती आमच्याच बाजूची कर्तबगारी. त्याच्यावर मेक्सिकोतले भुंगेरे 1984 पासून बंगळूरकडून सोडले गेले, तेही अण्णांनी डब्यांतून वाटलेत. शेळी गाजरगवताला तोंड लावते, नाही असं नाही. पण दुधाला कडवटपणा येतो. त्यापेक्षा पावसात माती मऊ असताना, फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा. यावर वहिनींचं तोंड जरा उतरलं. त्यांच्या डोक्यात एव्हाना पाचशे शेळ्या येऊन उभ्या होत्या.

आमच्या गल्लीत शेळ्या कुणाच्या, तर आक्कांच्या. तीन उस्मानाबादी, काळ्याभोर, दरवेताला जुळी करडं देणाऱ्या. या तीन शेळ्यांवरून आक्कांनी काय काय ऐकून घेतलंय! वहिनींनी स्वतः आक्कांच्या दारात जाऊन गुलाबाचा हिशेब मागितला होता. आता त्याच वहिनींनी त्यांना हाक मारली, “आक्का, या जरा, चहा घ्यायला!” तेव्हा आक्का आल्या, पण फाटकाबाहेरच थांबल्या. आधी काय मोडलंय ते कळू द्या, म्हणाल्या.

सगळं ऐकून घेतलं आणि आक्कांनी एका वाक्यात अमेरिका मोडीत काढली. “ताई, माझी शेरडं टणटणी खात न्हाईत. तुमचा गुलाब खात्यात.”

“भुकेली ठेवली तर?” वहिनी.

“तर मरत्यात.” आणि त्यांनी दुष्काळातली गोष्ट सांगितली. खायला दुसरं काही उरलं नव्हतं, एक पाट टणटणीच्या जाळीत शिरली. कान सुजले, उन्हात उभी राहीना, सावलीला पळायची, डोळे पिवळे पडले, आठवड्यात गेली. अण्णांनी मान डोलावली. टणटणीच्या पाल्यात लँटाडीन नावाचं विष असतं, ते यकृतावर जातं, आणि मग कातडीला ऊन सोसत नाही. आक्कांना लँटाडीन माहीत नाही, पण पाटीचे डोळे माहीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेतलं शोभेचं झुडूप म्हणून इंग्रजांनी ही टणटणी आणली. तिची रंगीत फुलं आवडली असणार. शेळीला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आक्कांचं माहेर माणदेशातलं. भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरतो. दिवाळी झाली की त्यांचा वाडा निघतो, घोड्यावर बिऱ्हाड, मागे कुत्री. त्यातले काही घाट उतरून कोकणात जातात. भात निघालेल्या रिकाम्या खाचरांत शेतकरी मेंढरं बसवून घेतात. रात्रभर लेंडी-मूत शेतात पडतं, त्याबदल्यात धान्य नाहीतर रोख मिळतं. पावसाच्या आधी परत वर, कारण कोकणातल्या चिखलात मेंढराचे खूर सडतात. वहिनी ऐकत होत्या आणि मला दिसत होतं की त्यांच्या मनात पेरूचा माणूस आणि आक्कांचा भाऊ शेजारी शेजारी उभे राहिलेत. “म्हणजे हेही भाड्यानंच की!” त्या म्हणाल्या. “फक्त साडेअकरा लाख नाहीत.”

“साडेअकरा हजार तरी मिळत्यात का इच्यारा,” आक्का म्हणाल्या. “वर फारेष्टवाला दंड करतोय ते येगळंच.”

आणि मग आक्कांनी जे सांगितलं त्यानं अण्णाही गप्प बसले. भावाचा वाडा ज्या वाटेनं जातो त्या वाटेच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ वाढलीय. कशानं? मेंढरांनीच. पाला कुणी हुंगत नाही, पण पिवळ्या गोड शेंगा शेरडं-मेंढरं मिटक्या मारत खातात, बी पोटातून धड बाहेर येतं, लेंडीत खत आयतं. म्हणजे एका रानातलं तण खायला आणलेलं जनावर दुसऱ्या रानात तेच पेरून येऊ शकतं. कच्छच्या बन्नीतला अख्खा गवताळ प्रदेश या बाभळीनं गिळला, त्यात गुरांच्या शेणाचा वाटा मोठा. म्हणून अमेरिकेतले जाणते कळपवाले बी धरलेलं रान चारून झालं की जनावरं काही दिवस एका जागी कोंडतात, पोट मोकळं झाल्यावरच दुसरीकडे नेतात, असं अण्णांचं वाचन. आक्का म्हणाल्या, ते आम्हालाही कळतं, पण वाटेवर कोंडायला जागा कोण देतंय?

अण्णांनी द्राक्षांचंही काढलं. कॅलिफोर्नियात द्राक्षवेली झोपलेल्या असताना बागेत मेंढ्या सोडून तण चारतात. मग नाशिकला का नको? तर आपल्या बागांत मोरचूद घातलेलं बोर्डो मिश्रण फवारतात, आणि मेंढीला तांबं सोसत नाही. सोडायच्या तर फवारणीचा हिशेब बघून. हा विषय त्यांनी बराच लांबवला. आमच्या गल्लीत एकही द्राक्षाचा वेल नाही.

शेवटी प्लॉटचं असं ठरलं. टणटणी माणसांनी काढायची, आणि वरवर छाटून नाही. जमिनीच्या जरा खाली सोटमूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा मूळ धरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या प्राध्यापक सी. आर. बाबूंची ही पद्धत अण्णांना पाठ आहे. बुलबुल बिया टाकत राहणार, तेव्हा दोन-तीन पावसाळे रोपं उपटत बसायचं. गाजरगवत हातानं. आणि सुबाभूळ तेवढी आक्कांच्या शेरडांना. ती त्यांना आवडते. मोठी झाडं कापायची, मग बुडख्याला जो जो फुटवा येईल तो तो शेरडांनी ओरबाडायचा, शेंगा धरायच्या आत. तिथेही आक्कांची अट: रोज थोडा वेळच, वर दुसरा चारा. नुसत्या सुबाभळीवर ठेवलं तर जनावराचे केस गळतात.

“आणि पैसं?” आक्कांनी विचारलं.

“अहो, चारा फुकट मिळतोय की तुम्हाला,” वहिनी म्हणाल्या.

“राखण कोन करनार? मी. कुंपान कोन लावनार? मी. गुलाब गेला तर शिव्या कोन खानार?”

वहिनींनी आकडा पुटपुटला. आक्का हसल्या. वहिनींनी तो वाढवला आणि सवयीनं म्हणाल्या, “तिकडे तर—”

“मंग तिकडची शेरडं आना,” आक्का म्हणाल्या आणि चहाचा कप फाटकाच्या खांबावर ठेवला.

आकडा आक्कांचाच ठरला. आता राहिली तीन भावांची परवानगी. मधल्याची बायको वहिनींच्या मावसबहिणीच्या नात्यातली निघाली, तेव्हा फोन त्या करणार. धाकट्याला अण्णा भेटतील, तो त्यांच्या ओळखीचा आहे. थोरल्याला मात्र बाकीच्या दोघांनी हो म्हटलंय हे एवढ्यात कळू द्यायचं नाही, नाहीतर तो हटकून नाही म्हणेल.