पोत्यातला युरिया नदीत

पंचगंगेवर जलपर्णी पसरली की कोल्हापुरात आरोपी लगेच ठरतात. जयंती नाल्याचे सांडपाणी, इचलकरंजीतले प्रोसेस कारखाने, साखर कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी. हे आरोपी खरेच दोषी आहेत आणि त्यांच्यातल्या एकालाही सूट देऊ नये. पण जलपर्णी पोसली जाते नत्रावर आणि स्फुरदावर, आणि ही दोन्ही नदीपर्यंत नेणारी आणखी एक वाट आहे. तिला पाइप नाही, म्हणून तिचा पंचनामाही होत नाही. ती वाट म्हणजे उसाला सोडलेले मोकाट पाणी.

आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले तर एकरी जवळजवळ आठ पोती. युरियाचे मातीत नायट्रेट होते. ते पाण्यात चटकन विरघळते आणि काळी चिकण मातीही त्याला धरून ठेवू शकत नाही. सरीत पाणी मुळांच्या खाली मुरले की नायट्रेट त्याच्यासोबत निघाले: आधी विहिरीत, मग ओढ्यात, मग नदीत. सरीचे टोक फुटले तर मधला मुक्कामही नाही. वाहून गेलेल्या मातीबरोबर तिला चिकटलेले स्फुरद जाते ते वेगळेच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले सुमारे ३६ टक्के नमुने या मर्यादेच्या वर होते. त्यात गावांच्या सांडपाण्याचा वाटा आहेच. पण खताचा नाही, असे कुणी म्हणू नये.

पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात आणि पंचगंगेचे एकामागून एक डोह होतात. उन्हाळ्यात शेतातून जे झिरपते ते तिथेच साचते. पातळ करायला वाहते पाणी नाही, कारण ते उसावर चढवलेले असते. नदीचे पाणी उपसायचे आणि उरलेल्या नदीत खत सोडायचे, असा हा दुहेरी मार आहे.

याच जादा पाण्याने शिरोळ, मिरज, वाळवा तालुक्यांतल्या सोन्यासारख्या जमिनी क्षारपड केल्या. आता तिथले शेतकरी पदरचा पैसा घालून, कर्ज काढून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकतात आणि निचरा करतात. जमीन पुन्हा पिकते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण निचऱ्याचे खारे पाणी शेवटी ओढ्याला आणि नदीलाच मिळते. आधी मोजून पाणी दिले असते तर हा खर्चही वाचला असता आणि नदीही.

शेतकरी बेफिकीर आहे, हे शहरातले मत मला अजिबात मान्य नाही. कृषिपंपाला वीज रात्रीची असेल तर अंधारात, सापाविंचवांत दारं धरायला कोण उभा राहील? मोटर चालू करून माणूस घरी जातो आणि पाणी पहाटेपर्यंत वाहते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आहे, उपसलेल्या पाण्यावर नाही. म्हणजे जो निम्मे पाणी वापरतो त्याला एक रुपयाचा फायदा नाही. सहकारी उपसा संस्थेच्या सभासदाची अडचण याहून मोठी आहे. त्याची पाळी पंधरा-वीस दिवसांनी येते. ठिबकला पाणी रोज, निदान एक दिवसाआड लागते. अर्ध्या एकराच्या मालकाने नळ्या विकत घेऊन करायचे काय? ठिबक शेतात बसवायचे असेल तर आधी संस्थेची पाळी, टाकी आणि फिल्टर बदलावे लागतील. ते काम एकट्या शेतकऱ्याचे नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असेही नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातच बारमाही पिकांसाठी ठिबक किंवा तुषारच्या सक्तीची तरतूद आहे. पण ती कालव्याच्या पाण्यापुरती. पंचगंगाकाठचा ऊस पोसतो तो नदीच्या उपशावर. पुढे जुलै २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने दोन वर्षांत ३ लाख ५ हजार हेक्टर ऊस ठिबकवर आणायचे ठरवले, शेतकऱ्याला दोन टक्के व्याजाने कर्जही जाहीर केले. मुदत केव्हाच संपली. नदीकाठच्या सरीत पाणी अजून मोकाटच आहे.

ठिबक येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. खोडव्याचे पाचट पेटवू नका, सरीत आच्छादन करा. एक आड एक सरी भिजवा. वाफसा बघून पाणी द्या. युरिया चार-पाच हप्त्यांत विभागून द्या आणि खत टाकल्यावर सरी तुडुंब भरू नका. यातल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही.

ठिबकचा गजर करणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. वाचलेले पाणी जाणार कुठे? ठिबकने उसाचे चाळीस-पन्नास टक्के पाणी वाचते, असे सांगतात. त्या पाण्यावर शेजारच्या माळावर आणखी ऊस लावला तर नदीला थेंबही मिळत नाही. खताची पोती मात्र वाढतात. कृषी मूल्य आयोगाने राज्याच्या चार टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, असे नोंदवले होते. अशा राज्यात वाचलेले पाणी नदीत राहील याची लेखी हमी नसेल, तर ठिबकचे अनुदान नदीसाठी नाही, साखरेसाठी आहे.

म्हणून तीन मागण्या. कृषिपंपांना दिवसा वीज द्या. उपशाला मीटर लावा आणि कमी उपसणाऱ्याची पाणीपट्टी कमी करा. आणि शिरोळ बंधाऱ्याखाली एप्रिल-मेमध्ये किती पाणी वाहते ठेवणार, तो आकडा पाटबंधारे खात्याने जाहीर करावा. ठिबकचा पुढचा रुपया त्या आकड्याशी बांधलेला असावा.