केबल-खरेदी : विधी आणि निषेध

टर्नटेबल आला, मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज बसली, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरही दाखल झाला. आता उरला केबल-खरेदीचा विधी. यजमानाने आधी घरातली मंडळी बाहेर गेल्याची खात्री करावी. मीटरभर तारेची किंमत चारचौघांत वाचण्याजोगी असतेच असे नाही.

उदाहरणाला डेनॉनची डीएल-१०३ घ्यावी. १९६०च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी घडलेली ही कार्ट्रिज जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट देते. एकास दहाचा ट्रान्सफॉर्मर त्याचे ३ करतो. साध्या फोनो प्रीअॅम्पला एवढे पुरते.

पहिला मोह चांदीचा. चांदी तांब्यापेक्षा सहा-सात टक्केच सरस वाहक, आणि डीएल-१०३च्या कॉइलचाच रोध ४० ओहम. त्यापुढे मीटरभर तांब्याचा रोध म्हणजे आहेराच्या पाकिटावरचा रुपया. चांदी घ्यायचीच तर पैंजण घ्यावेत. त्यांचा आवाज निदान सगळ्यांना ऐकू येतो.

खरी मेख ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या केबलमध्ये आहे, आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. या केबलचा कपॅसिटन्स कार्ट्रिजला गुणोत्तराच्या वर्गाने गुणून दिसतो. मीटरला १०० पिकोफॅरडची केबल एकास दहाच्या ट्रान्सफॉर्मरमागून १०,००० पिकोफॅरड वाटते. एकास वीस असेल तर ४०,०००. ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्सशी तिचे संगनमत झाले की वरच्या पट्टीत कुठे उंचवटा येतो, कुठे उतार. मग सतार कर्कश लागली म्हणून वादकाला नावे ठेवली जातात. म्हणून ही केबल आखूड आणि कमी कपॅसिटन्सची हवी. अर्धा मीटर उत्तम.

टर्नटेबलकडून येणाऱ्या केबलला मात्र शील्डिंग भक्कम हवे. रेकॉर्ड वाजवताना आरआयएए दुरुस्तीमुळे ५० हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे सातपट उचलला जातो, आणि आपल्या घरची वीज नेमकी ५० हर्ट्झचीच. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर अॅम्प्लिफायरला खेटून ठेवू नये. रेकॉर्ड न लावता व्हॉल्यूम वाढवून डबा हळूहळू फिरवावा आणि गुणगुण सर्वांत कमी होईल त्या कोनात सोडून द्यावा. हा उपाय फुकट असल्याने त्याची जाहिरात होत नाही.

अर्थिंगची तार टर्नटेबलकडून ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूला आणि तिथून फोनोच्या स्क्रूला न्यावी. अर्थला दोन वाटा मिळाल्या की लूप झालाच. मग हजारांची केबलही गुणगुणते.

केबलवरच्या बाणाला नमस्कार करण्याआधी दुकानदाराला एकच विचारावे : शील्ड एकाच टोकाला जोडले आहे का? तसे असेल तर बाणाला अर्थ आहे. नसेल तर तो छपाईचा खर्च समजावा. सिग्नल एसी आहे, तो दोन्हीकडे धावतो.

आणि दुकानात जाण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मर ते फोनो हे अंतर टेपने मोजून न्यावे. अर्धा मीटर पुरत असेल, तर दोन मीटरची केबल फुकट मिळाली तरी घेऊ नये.