आप्पांचा ओटा बंद होतोय

जळगावच्या कुठल्याही कॉलनीत एक आप्पा असतात आणि त्यांचा ओटा कित्येक वर्षांपासून बंद होणार असतो. मुलीच्या लग्नाआधी होणार होता, मग नातवाच्या जावळाआधी, आता पावसाळ्याआधी नक्की. मधल्या काळात आप्पा वीज मंडळातून नाहीतर झेडपीच्या शाळेतून निवृत्त होतात. ओटा मात्र पश्चिमेकडे तोंड करून उघडाच्या उघडा.

आमच्या आप्पांचा ओटा बारा बाय आठ. एका अंगाला शेजारच्यांची भिंत, वर स्लॅब. म्हणजे समोरचे १२ फूट, कडेचे ८ फूट, उंची ७ फूट; बंद करायचं ते १४० चौरस फूट. हा आकडा गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे.

आप्पा कोणाच्या घरी गेले की ख्यालीखुशाली विचारत नाहीत. ते दारातल्या ग्रिलला अंगठ्याने दाबून बघतात आणि म्हणतात, "कितीत पडलं?" वास्तुशांतीला गेले तरी सत्यनारायणाला हात जोडायच्या आधी हात ग्रिलला लागतो. पुढचा प्रश्न, "किलोवर दिलं का फुटावर?" याविषयी त्यांचा सिद्धांत आहे. फुटावर दिलं की लोखंड पातळ होतं, किलोवर दिलं की नको तिथे जाड होतं. वेल्डर दोन्हीकडून जेवतो.

आप्पांची एक फाईल आहे. तीत कोटेशनं आहेत, कुणाच्या लेटरहेडवर, कुणाच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर. १२ एमएमच्या चौकोनी बारचं ग्रिल : फुटाला दोन किलो धरा, २८० किलो, मजुरीसह ११० रुपये किलो, झाले ३०,८००. अॅल्युमिनियमची स्लायडिंग, जाळीसकट : ४५० रुपये फूट, ६३,०००. यूपीव्हीसी : ८५० रुपये फूट, १,१९,०००. शेवटच्या आकड्यापुढे आप्पांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'एवढ्यात मोटारसायकल येते.' आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी मिस्तरीच्या अक्षरात 'जीएसटी १८ टक्के वेगळा'. बिल नको असेल तर तो वेगळा राहतो, हवं असेल तर एकत्र येतो.

आप्पांना माहिती नाही असं मात्र कोणी म्हणू नये. दोन ट्रॅकची स्लायडिंग पूर्ण उघडली तरी अर्धीच उघडते, कारण एक काच दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते, "पैसे पूर्ण हवेचे, हवा निम्मी." पॉलीकार्बोनेटच्या शीटची ऊन सोसणारी बाजू सहसा एकच असते, फिल्मवर काय छापलंय ते न वाचता शीट उलटी ठोकली तर दोन-चार उन्हाळ्यांत पिवळी पडून तडकते. कॉलनीत अशा उलट्या शीट कोणाकोणाच्या आहेत हे ते चालता चालता दाखवतात. एकदा फ्रीजवरचा चुंबकाचा गणपती खिशात घालून स्टीलची रेलिंग तपासायला गेले होते. चिकटला नाही, म्हणून '३०४ आहे' असा निकाल दिला. कारागीर म्हणाला, "आप्पा, २०२ ला पण चिकटत नाही." त्या दिवसापासून गणपती फ्रीजवरच आहे.

धुळ्याला देवपुरात मुलगी दिलीय, त्यामुळे भाव दोन जिल्ह्यांत फिरतो. एरंडोल, पारोळा करत एसटीने जायचं, जावयाकडे शेवभाजी खायची आणि संध्याकाळी जुन्या धुळ्यात चक्कर मारायची. कॅप्टन ब्रिग्जने इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला आखलेल्या त्या सरळ रेघेच्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात, आणि आप्पा त्यांतले ओटे बघत चालतात. तिथे एका वेल्डरने किलोमागे पाच रुपये कमी सांगितले. "भाव कमी शे आप्पा, पन गाडीभाडं तुम्हनं." २८० किलोचे १४०० वाचत होते, छोटा हत्ती जळगावपर्यंत चार हजार मागत होता. आप्पांनी हा हिशेब परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत केला आणि पुढे झोपले.

तरी एकदा प्रकरण अगदी ठरत आलं होतं. मिस्तरी टेप घेऊन आला, खडूने खुणा झाल्या, पाच हजार अॅडव्हान्स पाकिटातून अर्धा बाहेर आला. तेवढ्यात आप्पांची नजर वरच्या कडीवर गेली. आखाजीला लेक माहेरी आली की झोका तिथेच बांधतात. आता लेकीची लेक बसते, आणि झोका चांगला चढला की पाय ओट्याच्या बाहेर रस्त्यावर जातात.

"झोका बाहेर गेला पाहिजे, भो," आप्पा म्हणाले.

"मग ग्रिलला दार ठेवू. केवढं ठेवू?"

आप्पांनी डोळ्यांनी झोका घेतला, इकडून तिकडे. "बारा फूट."

मिस्तरीने टेप गुंडाळला. चहा मात्र पिऊन गेला. घरात माईंचं म्हणणं, आजवर जेवढे मिस्तरी चहा पिऊन गेले त्या साखरेत एव्हाना निम्मं ग्रिल झालं असतं.

नंतर एका ओळखीच्या इंजिनिअरने नवीन काळजी घातली. ओटा बंद केला की तो चटई क्षेत्रात धरला जाऊ शकतो, २०२० ची एकत्रीकृत नियमावली आहे, महापालिकेची परवानगी बघा, घरपट्टीही वाढेल. आप्पांनी ते लिहून फाईलमध्ये कोटेशनांच्या वर लावलं. माईंनी त्याच आठवड्यात फुले मार्केटमधून दोन प्लास्टिकच्या चटया आणल्या, आपल्याच एमआयडीसीत विणलेल्या, आणि सुतळीने पश्चिमेला टांगल्या. ऊन थांबलं. आप्पा याला 'टेम्पररी' म्हणतात.

शेजारच्या भाऊसाहेबांनी मात्र आप्पांची फाईल एक रात्र नेली आणि पंधरा दिवसांत ओटा बंद केला. अॅल्युमिनियम, काळी काच, सगळं आप्पांच्या सल्ल्याने, पैसेही आप्पांच्या आकड्याइतकेच. आप्पा दोन्ही हात मागे बांधून देखरेखीला उभे असायचे. मग मे आला. पारा ४४ वर गेला. भाऊसाहेबांचा कूलर ओट्यावरून बेडरूमच्या खिडकीत हवा फेकायचा. आता तो काचेच्या आत सापडला. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा गाळत बसला, आणि घरात भर मे महिन्यात मुंबई अवतरली. काच सरकवली तर निम्मी हवा, आणि ती लू.

म्हणून हल्ली संध्याकाळी सहानंतर भाऊसाहेब आप्पांच्या ओट्यावर असतात. समोरचे दोघे असतात, त्यांचेही ओटे आप्पांच्याच फाईलने बंद झालेत. चटया वर गुंडाळल्या जातात, पाण्याचा सडा पडतो, फाईल मधे उघडते आणि जिन्याखालची जागा बंद करायला किती लागतील यावर चर्चा रंगते. आतून कपबश्या वाजतात. परवा माई ट्रे घेऊन बाहेर आल्या, माणसं मोजली, परत आत वळल्या आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मिस्तरी परवडले. ते मापं घेऊन जायचे तरी."